उन्हात राबणारा डोळा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही वीटभट्टीवरच्या मजुरांच्या उचलीविषयी, हजेरीविषयी, बुडविलेल्या मजुरीविषयी बोलावे. आयुष्याची तीसएक वर्षे आम्ही तेच करीत आलो, तेव्हा ही अपेक्षा वावगी नव्हती. पण आम्ही त्यांना उलट कळविले की, या खेपेस आम्ही डोळ्यातील भिंगाविषयी आणि त्या भिंगातील एका अमिनो आम्लाविषयी बोलू. चालक जरा गोंधळले असावेत. विषय शास्त्राचा, आणि वक्त्याची शाळा सातवीत सुटलेली! तरीही त्यांनी संमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. प्रारंभीच सांगून टाकतो की, यात आमचे स्वतःचे संशोधन काडीइतकेही नाही. ज्यांनी हे शोधून काढले त्यांचे लिखाण आम्ही शब्दकोश जवळ घेऊन वाचले, जे समजले नाही ते जाणकारांना विचारले, आणि जे समजले ते आपल्यापुढे मांडीत आहोत.

हा नाद आम्हांला का लागला, ते आधी सांगितले पाहिजे.

आमचे गाव पोशेरा, मोखाडा तालुक्यातले. डोंगराच्या उतारावर नागली आणि वरई, खाली खाचरात थोडा भात. पावसाळ्यात पाऊस असा की घराबाहेर पडवत नाही, आणि होळी उलटली की हंडाभर पाण्यासाठी कोसभर पायपीट. घरचे धान्य वर्षभर पुरत नाही. म्हणून दिवाळी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडीकडे, वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. आमच्याकडे याला 'कामाला जाणे' म्हणत नाहीत. 'जगायला जाणे' म्हणतात. या दोन शब्दांत आमच्या तालुक्याचा सगळा इतिहास येतो.

आमची आई अशीच वर्षानुवर्षे जगायला गेली. तिचे काम विटा थापण्याचे. उघडे मैदान, समोर ओल्या विटांच्या रांगा, डोक्यावर पदर आणि वर ऊन. पन्नाशीच्या आतच ती म्हणू लागली की उजेड डोळ्यांत फुटतो, समोरचे माणूस धुक्यात उभे असल्यासारखे दिसते. पुढे तिच्या विटांची रांग वाकडी पडू लागली. मुकादमाने तिला थापण्यावरून काढून राख आणि तूस वाहण्यावर लावले. मजुरी अर्थातच कमी. काही वर्षांनी दोन्ही बाहुल्यांत पांढुरके दिसू लागले. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तीही फार उशिरा. दुसऱ्याची राहिली ती राहिलीच.

शस्त्रक्रियेच्या वेळी तिने विचारले होते, "उन्हानं पिकला का रं डोळा?" तिथल्या डॉक्टरांनी घाईत उत्तर दिले, "वय झालं, आजी." बाहेर आल्यावर ती आम्हांला म्हणाली, "भट्टीवाल्या शेटाची आय माझ्याहून मोठी. ती अजून सुईत दोरा ओवते. तिचं वय नाय झालं?"

या प्रश्नाला तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. बावन्नाव्या वर्षी आमच्या स्वतःच्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदू झाला, तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही जिथे पोचलो, तिथे आज आपल्याला घेऊन जायचे आहे.

एका घरगुती गोष्टीपासून सुरुवात करू. पांढरे रेशमी वस्त्र धुतले की ते सावलीत वाळवावे, उन्हात टाकू नये, असे घरोघरच्या बायका सांगतात. उन्हात टाकले तर ते पिवळे पडते आणि विरते. सुती धोतर मात्र उन्हात अधिकच शुभ्र होते. हा फरक का? कापूस ही वनस्पतीची काष्ठजात वस्तू आहे, आणि रेशीम हे प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. निसर्गातील बहुतेक सर्व प्रथिने अवघ्या वीस प्रकारच्या मण्यांनी ओवलेली असतात. कोणता मणी कोणामागे येतो यावर ते प्रथिन रेशीम होणार, केस होणार की डोळ्यातील भिंग होणार हे ठरते. या वीस मण्यांपैकी दोनतीन मणी प्रकाशाला भारी हळवे आहेत. त्यांत ट्रिप्टोफॅन हा सर्वांत हळवा म्हटला तरी चालेल. इंग्लंडातील हॉपकिन्स आणि कोल यांनी तो १९०१ साली प्रथम वेगळा काढला. आपले शरीर तो तयार करू शकत नाही. डाळी, दूध, अंडी, मांस, धान्य यांतूनच तो मिळवावा लागतो. उन्हातल्या रेशमाचे पिवळेपण हे त्यातील टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन हे मणी प्रकाशाच्या साहाय्याने प्राणवायूशी जळल्याचे चिन्ह आहे. काचेच्या बाटलीतले दूध उन्हात राहिले तर त्याला जो चमत्कारिक वास येतो, तोही याच जातीचा प्रकार; तिथे दुधातील ब जीवनसत्त्वांपैकी रायबोफ्लेविन प्रकाश टिपते आणि मेथिऑनिन नावाच्या अमिनो आम्लाचा नाश घडविते.

आता आपल्या डोळ्यातील भिंगाकडे वळू. बाहुलीच्या मागे, सुमारे एक सेंटिमीटर रुंदीचे हे पारदर्शक भिंग बसविलेले असते. त्यात एकतृतीयांशाहून अधिक भाग प्रथिनांचा आहे. शरीरात इतकी दाट प्रथिने दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. या प्रथिनांना 'क्रिस्टलिन' म्हणतात. त्यांची आल्फा, बीटा आणि गॅमा अशी तीन घराणी आहेत. ती इतकी नीटनेटकी रचलेली असतात की प्रकाश त्यांतून न अडखळता आरपार जातो. ही रचना बिघडली, प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या, की प्रकाश विखुरतो. अंड्याचा पांढरा बलक कच्चा असता आरपार दिसतो आणि शिजला की दुधासारखा होतो, तसेच काहीसे. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो.

परंतु मुख्य गोष्ट पुढेच आहे. कातडी झिजते आणि नवी येते. रक्तातील तांबड्या पेशी चार महिन्यांत बदलतात. भिंगाच्या गाभ्याचे तसे नाही. तेथील पेशी आपण आईच्या पोटात असतानाच तयार झालेल्या असतात. पारदर्शक होण्यासाठी त्यांनी आपले केंद्रक आणि इतर अवयव टाकून दिलेले असतात, त्यामुळे नवे प्रथिन घडविण्याची त्यांची ताकद तेव्हाच संपते. म्हणजे आज आमच्या उजव्या डोळ्याच्या गाभ्यात जे प्रथिन आहे, ते आमच्या जन्माच्या आधीचे आहे. त्याला बदली नाही आणि रजाही नाही. जितकी वर्षे माणूस उघड्या डोळ्यांनी जगला, तितकी वर्षे त्याने प्रकाश झेलला. नवे मिळत नसेल तर जुने जपणे हाच एक मार्ग उरतो. निसर्गाने ते कसे जपले आहे, हा आजच्या व्याख्यानाचा गाभा.

सूर्याच्या किरणांत आपल्याला दिसणाऱ्या रंगांच्या पलीकडे जंबुपार किरण असतात. हल्ली त्यांना अतिनील म्हणतात. त्यांतील सर्वांत घातक भाग वातावरणातील ओझोन थोपवितो. उरलेल्यांपैकी आणखी काही भाग डोळ्याचा दर्शनी पडदा शोषून घेतो. तरीही साधारण तीनशे नॅनोमीटर लांबीच्या लहरींपासून पुढचे किरण भिंगापर्यंत पोचतात, आणि ट्रिप्टोफॅन जे किरण शोषतो त्यांचे शेवटचे टोक नेमके याच ठिकाणी येते. दाराला फट राहावी आणि वाऱ्याला तेवढी पुरावी, तसे हे आहे.

किरण शोषला की ट्रिप्टोफॅनच्या रेणूत काय होते? त्याच्यापाशी अकस्मात जादा शक्ती येते. आमच्या परिचयाच्या कामातले उदाहरण देतो. भट्टी रिकामी करताना मजूर ओळीने उभे राहतात आणि गरम वीट हातोहात पुढे देतात. वीट हातात आल्याबरोबर पुढे गेली तर हात भाजत नाही. एखादा एकटाच उभा असला आणि घेणारा कोणी नसला, तर वीट हातात राहते आणि तळवा सोलून निघतो. पाण्यात एकटा असलेला ट्रिप्टोफॅन हा असाच एकटा मजूर आहे. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोसेकंद. असे सुमारे तीन नॅनोसेकंद तो तापलेला राहतो. आपल्याला हा काळ शून्यासारखा वाटेल. रेणूंच्या जगात तो फार मोठा आहे. तेवढ्यात तो कधी आपला एक इलेक्ट्रॉन गमावून बसतो, कधी ती शक्ती जवळच्या प्राणवायूला देतो आणि प्राणवायू चवताळून उठतो. दोन्ही वाटांनी शेवट एकच: ट्रिप्टोफॅनचे कडे फुटते आणि एन-फॉर्मिलकायन्युरेनिन नावाचा पदार्थ होतो. हा पदार्थ स्वस्थ बसत नाही. तो अधिक लांब लहरींचे किरण टिपू लागतो आणि शेजारच्या मण्यांचे नुकसान करण्यास हातभार लावतो. भिंगातील प्रथिनांवर चवताळलेल्या प्राणवायूची क्रिया कशी घडते याचा अभ्यास आपल्या देशातही झाला आहे. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र संस्थेत पूर्वी असलेले प्राध्यापक डी. बालसुब्रमणियन यांचे या विषयातील काम जगभर वाचले जाते.

मग प्रश्न उभा राहतो, की ट्रिप्टोफॅन इतका हळवा असताना आपले भिंग पाचदहा वर्षांतच पांढरे का होत नाही? चाळीस-पन्नास वर्षे ते काचेसारखे कसे टिकते?

याचे पहिले उत्तर १९७१ साली मिळाले. रूथ व्हान हायनिंगेन या ऑक्सफर्डच्या विदुषीने मानवी भिंगात एक लहानसा पदार्थ दाखविला. हा साडेतीनशे ते चारशे नॅनोमीटरच्या आसपासचे जंबुपार किरण शोषून घेतो आणि ती शक्ती कोणालाही इजा न करता उष्णतेच्या रूपाने सोडून देतो. भिंगात सगळीकडे पातळ पडद्यासारखा तो पसरलेला असतो. गंमत अशी की, हा पदार्थ शरीर कशापासून बनविते? ट्रिप्टोफॅनपासूनच! सुटे ट्रिप्टोफॅन मोडून, त्यात फेरफार करून, वर साखरेचा एक रेणू जोडून हा पहारेकरी तयार केलेला असतो. आमच्याकडे भातलावणीच्या वेळी डोक्यावर इरले घेतात. जंगलाच्याच पानांचे इरले जंगलातला पाऊस अडविते, त्याची आम्हांला आठवण झाली.

दुसरे उत्तर आम्हांला सर्वांत मोलाचे वाटले. अमेरिकेतील प्राध्यापक जोनाथन किंग, पॅट्रिक कॅलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ सालापासून पुढील काही वर्षांत ते मांडले. भिंगात गॅमा-डी क्रिस्टलिन नावाचे प्रथिन असते. १७३ मण्यांच्या या माळेत ट्रिप्टोफॅनचे मणी फक्त चार: ४२, ६८, १३० आणि १५६ या क्रमांकांचे. माळ सरळ लोंबत नाही. ती घडी घालून दोन गाठोड्यांसारखी बसते, आणि प्रत्येक गाठोड्यात दोन दोन ट्रिप्टोफॅन आत दडलेले असतात. शास्त्रज्ञांनी त्यांवर किरण टाकले आणि ते किती वेळ तापलेले राहतात हे मोजले. तेव्हा आढळले की, ४२ वा मणी आपली शक्ती ६८ व्याकडे सोपवितो आणि १३० वा १५६ व्याकडे. हे दोघे आपला इलेक्ट्रॉन क्षणभर शेजारच्या साखळीच्या कण्याला देतात आणि लगेच परत घेतात. या देवघेवीत जादा शक्तीची निरुपद्रवी उष्णता होऊन जाते. सारा व्यवहार इतक्या झटपट उरकतो की, एकट्या ट्रिप्टोफॅनला जेवढा वेळ लागतो त्याच्या दशांशाहूनही कमी वेळात हे दोघे थंड झालेले असतात. प्राणवायूला गाठण्याइतकी फुरसदच राहत नाही.

ही देवघेव साध्य होते कशामुळे? शेजारामुळे. ट्रिप्टोफॅनच्या कड्याजवळ कोणता विद्युत्भार आहे, पाण्याचा रेणू कुठे अडकून बसला आहे, कण्याचा कोणता भाग कोणत्या अंतरावर आणि कोणत्या कोनात आहे, या सगळ्यांच्या जुळणीने इलेक्ट्रॉनाला जायची वाट खुली होते. ट्रिप्टोफॅन तोच, पाण्यात एकटा असता जळतो, आणि योग्य घडीत योग्य शेजाऱ्यांमध्ये बसला असता तगतो. तीच माळ रसायनाने उलगडून पाहिली, तर ट्रिप्टोफॅन पुन्हा लखलखू लागतात. म्हणजे शक्ती पुढे देण्याची वाट बंद होऊन ते पूर्वीसारखे एकटे पडतात. एका चिनी कुटुंबात ४२ व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी आर्जिनीन हा मणी जन्मतःच आलेला आढळला. त्या कुटुंबात मोतीबिंदू पिढीजात आहे. एक जागा चुकली की सगळी घडी कशी कच्ची राहते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाला येथे एक मोह होतो, तो आपण ओळखलाच असेल. "पाहा, रेणूसुद्धा एकजुटीने राहतात!" असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. आम्ही तो मोह आवरतो. रेणूंना युनियन नसते, वर्गणी नसते, आणि त्यांना कोणाची दयामाया नसते. लाखो वर्षांच्या निवडीत जी घडी टिकली ती टिकली, इतकेच. त्यापासून आम्ही एकच गोष्ट घेतो: संरक्षण ही वस्तूच्या अंगी असतेच असे नाही, पुष्कळदा ती तिच्या भोवतालच्या मांडणीत असते. म्हणून एखादा जळला, तर दोष त्याच्या कच्चेपणाला देण्याआधी त्याच्या भोवतालची मांडणी पाहावी.

पहारेकरी आणखी आहेत. ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू भिंगात भरपूर असतो. प्राणवायूचे घाव तो स्वतःवर घेतो. क जीवनसत्त्वही तेथे मुबलक असते. आणि आल्फा क्रिस्टलिनचे काम तर विलक्षण आहे. १९९२ साली जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखविले की, एखाद्या प्रथिनाची घडी सुटू लागली की आल्फा क्रिस्टलिन त्याला धरून ठेवते, त्याच्या गुठळ्या होऊ देत नाही. बिघडलेले दुरुस्त होतेच असे नाही, पण त्याचा उपसर्ग इतरांना पोचत नाही.

मग एवढा बंदोबस्त असताना मोतीबिंदू होतो कसा? कारण पहारा जन्मभर सारखा राहत नाही. वय वाढते तसा जंबुपार किरण अडविणारा तो पदार्थ कमी कमी होतो. शिवाय त्याचे काही रेणू मोडून प्रथिनांनाच जाऊन चिकटतात, आणि भिंग पिवळसर होऊ लागते. मध्यम वयानंतर भिंगाच्या बाहेरच्या थरातून गाभ्याकडे ग्लुटाथायोन पूर्वीसारखे पोचत नाही. आल्फा क्रिस्टलिनही बिघडलेल्या प्रथिनांना धरता धरता खर्ची पडते. आणि गाभ्यात नवी भरती नाही, हे आपण पाहिलेच. म्हणजे डॉक्टरांचे "वय झालं" हे उत्तर खोटे नव्हते. ते अपुरे होते. वय म्हणजे खर्च झालेल्या पहाऱ्याचा हिशेब. आणि तो पहारा कोणाचा किती लवकर खर्च होतो, हे तो माणूस कुठे उभा राहून जगला यावर काही अंशी अवलंबून असते.

'काही अंशी' हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरले. मोतीबिंदूला मधुमेह कारण आहे, तंबाखूचा धूर कारण आहे, काही औषधे कारण आहेत, डोळ्याला लागलेला मार कारण आहे. बंद झोपडीत चुलीचा धूर वर्षानुवर्षे डोळ्यांत घेणाऱ्या बायकांना तो अधिक होतो, असेही अनेक पाहण्यांत आढळले आहे. आमच्या आईच्या वाट्याला ऊन आणि चूल ही दोन्ही होती. तेव्हा तिचा डोळा केवळ उन्हाने गेला असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. सभेत बोलताना माणसाला वाढवून सांगण्याची सवय लागते. शास्त्रापुढे ती चालत नाही.

पण उन्हाचा वाटा मोजलेला आहे, आणि तो मोजला गेला कष्टकऱ्यांच्याच डोळ्यांवर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक उपसागरात मासे आणि कालवे धरणारे कोळी आहेत. ह्यू टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी ८३८ जणांचे डोळे तपासले; प्रत्येकाने कोणत्या वयात किती तास पाण्यावर घालविले, टोपी घातली की नाही, चष्मा होता की नाही, याचा जन्माचा हिशेब मांडला. १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जंबुपार किरणांचा आयुष्यभराचा मारा दुप्पट झाला, तर भिंगाच्या बाहेरच्या थरातील मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो. गाभ्यातील मोतीबिंदूशी मात्र असा संबंध त्यांना दिसला नाही. तात्पर्य, ऊन हे एकमेव कारण नव्हे, पण ते कारण आहे. आईच्या प्रश्नाला देण्याजोगे प्रामाणिक उत्तर हेच: "आई, सगळा नाही, पण थोडा उन्हानंही पिकला."

आता आमच्या नेहमीच्या धंद्याकडे वळतो. कारखान्यातील भट्टीसमोर उभे राहणाऱ्या काचकामगारांना व लोहारांना तापलेल्या धातूच्या, काचेच्या किरणांनी मोतीबिंदू होतो, हे फार जुने निरीक्षण. आपल्या देशात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हा 'व्यावसायिक मोतीबिंदू' नोंदला गेला. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३५ व्या कलमाने, जेथे उडणाऱ्या कणांनी वा अति प्रकाशाने डोळ्याला धोका असेल तेथे पडदे किंवा चष्मे पुरविण्याची तरतूद केली. ही कलमे मिळविण्यासाठी कामगारांच्या पिढ्या झिजल्या आहेत, त्यांना आमचा नमस्कार. पण त्या परिशिष्टातील शब्द नीट वाचा. तेथे अवरक्त म्हणजे तापलेल्या वस्तूच्या किरणांचा उल्लेख आहे. सूर्याच्या जंबुपार किरणांचा नाही. भट्टीपुढचा मोतीबिंदू व्यवसायाचा, आणि भट्टीपासून पन्नास पावलांवर उघड्या मैदानात वीट थापणारीचा मोतीबिंदू वयाचा! मिठागरात पांढऱ्याशुभ्र मिठाची लखलख दिवसभर डोळ्यांत घेणाऱ्याचाही वयाचाच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या आपल्या यादीत जंबुपार, दृश्य आणि अवरक्त अशा तिन्ही किरणांमुळे होणारे रोग व्यवसायजन्य म्हणून घातले आहेत. जगाच्या यादीत जे आले, ते आमच्या मैदानापर्यंत यावे, एवढीच मागणी.

शहरातील श्रोत्यांना वाटेल, यावर करण्याजोगे काय आहे? सूर्य काही झाकता येणार नाही. खरे आहे. पण निसर्गाने काय केले ते आपण पाहिले: त्याने सूर्य झाकला नाही, मांडणी बदलली. पोशेऱ्यासारख्या गावात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो. तेव्हा भुवईचे छप्पर डोळ्याला थोडे वाचविते. डोळ्यात शिरतो तो बहुतेक सकाळचा व कलत्या दुपारचा तिरपा प्रकाश, आणि आकाशातून व जमिनीवरून उलटून येणारा प्रकाश. म्हणून रुंद काठाची टोपी डोळ्याचा मारा निम्म्याच्या आसपास आणते, पण सगळा अडवीत नाही. नुसता पदर किंवा काठ नसलेली टोपी त्याहून कमी उपयोगी. चष्म्याविषयी एक सावधगिरीची सूचना: फुटपाथवरची काळी काच जंबुपार किरण अडवीत नसेल तर ती न घातलेली बरी, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणांना दार अधिकच उघडते. उलट कारखान्यात धुळीसाठी वापरतात तो पॉलिकार्बोनेटचा साधा पांढरा, आरपार दिसणारा चष्मा जवळजवळ सगळे जंबुपार किरण थोपवितो. रंग नव्हे, पदार्थ महत्त्वाचा. अशी एक टोपी आणि असा एक चष्मा, या दोन वस्तू हजेरीपटाबरोबर प्रत्येक भट्टीवर आणि मिठागरावर का असू नयेत? २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, विसाव्याला सावली आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवण्याचे लिहून दिले होते. विसाव्याच्या वेळी सावली हवी, हे जर पटले असेल, तर कामाच्या वेळी डोळ्याला सावली हवी, हे पटायला अडचण पडू नये.

आणि ज्यांचा डोळा पिकलाच आहे त्यांचे काय? त्यांच्यासाठी उपाय तयार आहे. १९४९ साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडले यांनी मानवी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले. युद्धात विमानाच्या छताचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले, पण डोळ्याने ते सहन केले, या निरीक्षणातून ती कल्पना त्यांना सुचली. आजच्या कृत्रिम भिंगांत तर जंबुपार किरण शोषणारा पदार्थही मिसळलेला असतो. म्हणजे जो पहारेकरी म्हातारपणी गेला, तोच प्लास्टिकमध्ये परत आणला आहे. शस्त्रक्रियेला अर्धा तासही लागत नाही. असे असूनही २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण शस्त्रक्रिया न झालेला मोतीबिंदू हेच निघाले. शंभर आंधळ्यांत सहासष्ट त्याचे. उपाय हाताशी असताना आलेले हे अंधत्व आहे. आमच्या पाड्यांवरून याचे कारण स्पष्ट दिसते. शिबिर भरते तेव्हा माणूस जगायला गेलेला असतो. परत येतो तेव्हा लावणी डोक्यावर असते. आणि सोबत कोणी जायचे म्हटले तर त्याचीही मजुरी बुडते. म्हणून तपासणी पाड्यावर पावसाआधी आणि भट्टीवर हंगामात, अशी दोन्ही ठिकाणी व्हावी, आणि रुग्णाबरोबर जाणाऱ्यालाही त्या दिवसाची मजुरी मिळावी.

आमच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली, आणि डाव्या डोळ्याने पाहिलेले आकाश उजव्या डोळ्यापेक्षा निळे दिसले. आम्ही आळीपाळीने एकेक डोळा झाकून कितीतरी वेळ पाहत बसलो. उजव्या डोळ्यातले आकाश पिवळसर होते, आणि आम्हांला ते कधी कळलेच नव्हते. इतक्या हळू हळू निळाई हरवली होती. आईची एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिनेही असेच काही पाहिले असेल. तिने ते सांगितले नाही, आणि आम्हांला विचारायचे सुचले नाही.

आपल्या शहरात नवी इमारत उभी राहताना दिसली, तर तिच्या विटा कोणीतरी उन्हात बसून थापल्या आहेत, एवढे ध्यानात असू द्या.